बाजूला काढलेला घास

माझा नवरा म्हणतो, मी देवळात गेले तरी पुजाऱ्याकडे प्रसादाची पावती मागेन. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या एका कचेरीत मी बरीच वर्षं जहाजावर भिजलेल्या, फुटलेल्या आणि हरवलेल्या मालाचे दावे तपासते. खोकं समुद्राच्या पाण्यानं भिजलं की गोदामाच्या गळक्या छपराखाली आधीच भिजलेलं होतं, हे हुडकून काढायचा मला पगार मिळतो. समोरचा खरं बोलतोय असं धरून चालले तर माझी नोकरी महिनाभरही टिकणार नाही. ही सवय संध्याकाळी बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तसं कधी वाटलंही नाही.

त्यामुळे कुत्र्यांना सोडवून नवी घरं मिळवून देणाऱ्या एका छोट्या गटात मी शिरले तेव्हा माझं काम आपोआप ठरलं. बाकीचे लोक कुत्र्यांना आंघोळी घालायचे, फिरायला न्यायचे, फोटो काढायचे. मी घरं तपासायची. ज्यांना कुत्रा हवा आहे त्यांच्याकडे जायचं, खिडक्यांना जाळी आहे का बघायचं, कॉन्डोच्या, म्हणजे इथल्या खाजगी सोसायटीच्या, ऑफिसची परवानगी खरी आहे का बघायचं, आणि घरी आल्यावर 'होकार' किंवा 'नकार' एवढं लिहून पाठवायचं. गटाची प्रमुख एक चिनी आंटी होती, निवृत्त नर्स, हाडाची कष्टाळू. माझ्या नकारावर तिनं कधी प्रश्न विचारला नव्हता.

अर्जाचा फॉर्मही मीच तयार केला होता. आधीचा एक पानाचा होता, मी तो सहा पानांचा केला. त्यातला सतरावा प्रश्न मला विशेष प्रिय होता: 'घरात वृद्ध किंवा आजारी व्यक्ती आहे का? असल्यास खुलासा करावा.' त्याला कारणही होतं. एका घरात आमच्या कुत्र्यानं आनंदाच्या भरात एका म्हातारीला पाडलं होतं. तिला फार लागलं नाही, पण कुत्रा परत आला. तेव्हापासून सतराव्या प्रश्नाला 'हो' लिहिणाऱ्यांचे अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जायचे. हा काही नियम नव्हता. पण गठ्ठा माझ्याकडे असायचा.

मग ती आली. बोर्झोई जातीची, चार वर्षांची कुत्री. ही मूळची रशियातली शिकारी जात. उंची माझ्या कमरेच्या वर, अंगावर पांढरे-तांबूस रेशमी केस, आणि तोंड एवढं लांब निमुळतं की बघणाऱ्याला आधी हसूच यावं. त्या हसण्यानंच घात केला. सिंगापुरात ही जात पूर्वी कोणाला माहीतही नव्हती. मग तिच्या नाकाचे गमतीचे व्हिडिओ फोनाफोनांतून फिरायला लागले आणि ज्याला त्याला ती हवीशी झाली. आमच्याकडे चौकशा यायच्या त्यात 'नाक किती इंच आहे?' हा प्रश्न मी स्वतः चार वेळा वाचला. पहिलं कुटुंब देश सोडून गेलं आणि तिला ठेवून गेलं. दुसऱ्या जोडप्यानं तिला अकरा दिवसांत परत आणलं. तक्रार काय, तर 'ती काहीच करत नाही'. फोटो मात्र त्यांनी पुष्कळ काढून घेतले होते.

आता ती शहराच्या पश्चिम टोकाला, शेतांच्या भागातल्या एका केनेलमध्ये, पैसे देऊन कुत्री ठेवायच्या जागी, होती. जेवण सोडलं होतं. एकोणतीस किलोंची चोवीसवर आली होती. केसांमुळे दिसायचं नाही, पण हात फिरवला की फासळ्या मोजता यायच्या. डॉक्टरनं सांगितलं, आजार काही नाही. शेजारी कोणी शांतपणे बसून राहिलं तर ती थोडं खाते, उठून गेलं की तोंड फिरवते. केनेलमध्ये बसून राहायला कोणाला वेळ आहे? अशक्तपणामुळे तिचं नसबंदीचं ऑपरेशनही पुढे ढकललं होतं. आंटी मला म्हणाली, "धिस टाइम मस्ट बी करेक्ट, हां. शी कॅनॉट कम बॅक अगेन." पुन्हा परत आली तर ती जगणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं, आणि सही माझी होती.

ऑपरेशन न झालेली दुर्मीळ जातीची मादी म्हणजे चोरट्या धंद्याला आयतं निमंत्रण. एक वीण झाली की पिल्लांसाठी रांग लागेल. म्हणून मी प्रत्येक अर्ज नखं लावून सोलून बघत होते.

त्यात एक अर्ज मराठी निघाला. नवरा तुआसच्या एका कारखान्यात इंजिनिअर, बायको घरी, मुलगी सातवीच्या वयाची, जुरोंग ईस्टला कॉन्डोमध्ये तीन बेडरूमचा फ्लॅट. सहाही पानं भरलेली, एकही रकाना मोकळा नाही, अक्षर सुवाच्य, परवानगीचं पत्र जोडलेलं. सतराव्या प्रश्नाला 'नाही'. दुसऱ्या कोणाला हे बघून आनंद झाला असता. मी मात्र आपल्या लोकांना ओळखून आहे. आपण फॉर्म परीक्षेच्या पेपरासारखा भरतो. तपासणाऱ्याला काय हवं ते आधी शोधतो आणि मग तेच लिहितो. मी स्वतः व्हिसापासून भाडेकरारापर्यंत सगळे कागद असेच भरलेत.

फोन केला तर बाईंनी उचलला. बोलणं गोड, सोलापूरकडचा हेल. दोन-चार वाक्यांनंतर त्यांनी विचारलं, "ताई, तिचं ऑपरेशन झालंय का हो?"

"का विचारता?"

"नाही, असंच. झालं असेल तर टाके-बिके, जपायला लागेल म्हणून."

असंच! मी वहीत तो शब्द लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

"तुम्ही घरीच असता?"

"हो. नोकरी होती. सोडली दीड वर्षापूर्वी."

"का?"

 "घरचंच होतं काही," त्या म्हणाल्या. त्याखाली मी तीन रेघा मारल्या.

शनिवारी बाराची वेळ दिली होती. मी साडेअकराला गेले. हा माझा नेहमीचा डाव. लपवालपवी अर्धवट असताना माणसं सापडतात. दार उघडायला वेळ लागला. आत कोणीतरी पटकन काहीतरी ओढत नेल्याचा आवाज आला, एक दार बंद झालं, मग बाई आल्या. पदराला हात पुसत, कपाळावर घाम. मागे त्यांचे मिस्टर, "या मॅडम, या, लवकर आलात, बरं झालं," असं म्हणत होते आणि त्यांना ते बरं झाल्यासारखं अजिबात दिसत नव्हतं. मुलगी सोफ्याच्या कडेवर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती.

कांदेपोहे आले. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मुलीकडची मंडळी म्हणजे मी एकटीच, आणि मुलगी पलीकडे केनेलमध्ये उपाशी. मी पोह्यांना हात लावला नाही. एकदा खाल्लं की मला माणसं बरी वाटायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

घर स्वच्छ होतं, जरुरीपेक्षा जास्त. फिनेलचा वास आणि त्याखाली दुसरा एक वास, जो झाकण्यासाठी फिनेल वापरलं होतं. खिडक्यांना जाळ्या होत्या. बाल्कनीला पक्की काच होती. नवरा-बायकोची खोली दाखवली, मुलीची दाखवली. तिसरं दार बंद होतं.

"ही?"

"सामान आहे तिथं," मिस्टर म्हणाले. "अडगळ. दाखवण्यासारखं काही नाही."

मी दारासमोर उभी होते आणि दाराखालच्या फटीतून माझ्या पावलांवर गार हवा येत होती. अडगळीच्या खोलीत एसी! बाहेर हॉलमध्ये पंख्यावर भागवणारं कुठलं मराठी घर भरदुपारी सामानाला एसी लावून ठेवतं? मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "नो लाह, आंटी, दॅट रूम इज..."

"अगं, आंटींना पाणी आण बघू," आईनं तिला मधेच तोडलं. पाण्याचा ग्लास माझ्या हातातच होता.

कपडे वाळत घालायच्या जागेत गेले तर वॉशिंग मशीनमागे निळ्या शोषक कागदांचं भलंमोठं पाकीट. पिल्लांच्या खाली पसरतात ना, तसले. आणि कोपऱ्यात जमिनीवर एक स्टीलची ताटली. तीत दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घासभर गोळा. गावाकडे कुत्र्याला घालतात तोच प्रकार. ज्या घरात कुत्रा नाही असं कागदावर लिहिलंय, त्या घरात कुत्र्याची ताटली.  दावा तपासताना पुरावा हाती लागला की आपण गप्प बसायचं असतं.

परत येताना त्या बंद दारामागून आवाज आला. आधी काहीतरी खरवडल्यासारखा, मग खोल, घशातला, लांबवर चाललेला. हूं... ऊं... एकदा थांबला आणि पुन्हा आला. बाईंचा चेहरा पांढरा पडला. मिस्टर मोठ्यानं बोलायला लागले, कॉन्डोच्या बागेत कुत्र्यांना फिरवायची वेळ कोणती वगैरे. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याबरोबर, कबूल करते, मनातून मला मजाही वाटली. पकडलं! मी निरोप घेतला. पोहे तसेच गार होऊन पडले होते.

ट्रेनमध्येच फोनवर अहवाल लिहिला. 'बंद खोलीतून गुरगुर स्पष्ट ऐकू आली. घरात मोठा कुत्रा, बहुधा नर, लपवलेला असण्याची दाट शक्यता. हेतू पैदाशीचा वाटतो. नकार.'

आंटीचा लगेच फोन आला. "यू सी ऑर यू हिअर?"

"ऐकलं," मी म्हणाले. "पण मला खात्री आहे."

 नर्सचं आयुष्य दारामागचे आवाज ऐकण्यातच गेलेलं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. "ओके लाह," ती म्हणाली. "यू सेड नो, मीन्स नो."

सोमवारी मी त्या कॉन्डोच्या ऑफिसात फोन करून चौकशीही केली. त्या फ्लॅटमध्ये कुठल्याही कुत्र्याची नोंद नाही, असं उत्तर मिळालं. म्हणजे बिनपरवाना ठेवलाय, मी मनाशी म्हटलं. नोंद असती तर तोही पुरावा ठरला असता. माझ्यासारख्या बाईच्या हातून कोणी सुटायचं म्हटलं तर कसं सुटणार, याचा मी आता कधीकधी विचार करते.

त्यांना नकाराची मेल गेली. त्यावर मुलीचं एका ओळीचं इंग्रजी उत्तर आलं: आमचा विचार केल्याबद्दल आभार, आणि ती आता जेवते का? मी ते दोनदा वाचलं. ती जेवत नाही हे यांना कुणी सांगितलं? मग आठवलं, आमच्याच जाहिरातीत लिहिलं होतं.

ती जेवत नव्हती. त्यानंतरचे तीन आठवडे मी आणखी पाच घरं पाहिली आणि पाचही नाकारली. एका ठिकाणी तिच्यासाठी आधीच केसांच्या क्लिपा आणून ठेवल्या होत्या. एका ठिकाणी बाई मला तिचं नाक इतरांपेक्षा लांब आहे का, हे विचारत राहिल्या. दर रविवारी मी जुरोंग ईस्टला उतरून तिथून केनेलची गाडी पकडायचे, तिच्याशेजारी सिमेंटवर तासभर बसायचे, तेव्हा ती माझ्या हातून मूठभर भात-चिकन खायची. मग मी उठायचे. ती मान उचलायची नाही, नुसता डोळा माझ्यामागे फिरायचा. डॉक्टर म्हणाला, आणखी उतरली तर नळीनं भरवावं लागेल. मला रडू यायचं आणि रागही यायचा, त्या सगळ्या खोटारड्या माणसांचा.

तिसऱ्या रविवारी जुरोंग ईस्ट स्टेशनच्या लिफ्टपाशी कोणीतरी माझ्या बाहीला हात लावला.

"आंटी, यू आर द डॉग आंटी, राइट?"

तीच मुलगी. मागे तिची आई, आणि आईच्या हातात व्हीलचेअर. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ. पांढरा सदरा, डोक्यावर गांधी टोपी, अंगाची उजवी बाजू लुळी, तोंड एका कडेला ओघळलेलं. त्यांच्या खाली खुर्चीवर निळा शोषक कागद नीट घडी घालून पसरलेला होता. मी तो कागद बघितला आणि मला सगळं एका दमात कळलं. 

म्हातारबुवांनी माझ्याकडे बघून डावा हात उचलला आणि घशातून आवाज काढला. हूं... ऊं...

"ही इज सेइंग हॅलो," मुलगी म्हणाली. "आजोबा लाइक्स व्हिजिटर्स. दॅट डे ऑल्सो ही वॉज कॉलिंग यू, बट ममी सेड यू विल रिजेक्ट अस."

बाई खाली बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "तुमच्या फॉर्मवर होतं ना ताई. वृद्ध, आजारी असल्यास खुलासा करा. काय खुलासा करायचा सासऱ्यांचा? यांच्या ऑफिसातल्या एकांना म्हणे आजी घरात आहे म्हणून कुत्रा मिळाला नव्हता. म्हणून अण्णांना म्हटलं, अर्धा तास आत राहा. झोपून असतात, घामानं पाठ सोलते, एसी बंद करता येत नाही. तुम्ही लवकर आलात, खुर्ची घाईनं आत ओढली, चाक दाराला घासत होतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तोंडातून शब्द येत नाही, पण घरात माणूस आलेलं त्यांना कळतं. ते हाका मारत होते आणि आम्ही मोठ्यानं बोलत होतो."

गुरगुर. मी तसं लिहिलं होतं. ते गटातल्या सहा जणांनी वाचलं होतं.

"आणि ती ताटली?" मी विचारलं.  माझा स्वभाव असा की लाजेनं मेले तरी शेवटचा पुरावा समजून घेतल्याशिवाय राहवत नाही.

"तो घास होय?" बाई म्हणाल्या. "कुत्र्याचा घास. अण्णा सांगोल्याकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आयुष्यभर पश्मी कुत्री पाळली त्यांनी. लांबडी, केसाळ, तुमच्या त्या कुत्रीसारखीच दिसतात. जेवायला बसलं की पहिला घास कुत्र्यासाठी बाजूला. पक्षाघात झाला, इकडे आणलं, सगळं विसरले, पण घास काढायचं विसरले नाहीत. डाव्या हातानं काढतात. मी ताटली उचलून बाहेर ठेवते, ते झोपले की कचऱ्यात टाकते. इथं कबुतरांना घातला तर दंड होतो. त्यांच्यासमोर टाकला तर त्या दिवशी जेवत नाहीत. हिनं फोनवर तुमच्या कुत्रीचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी फोन धरून ठेवला, देईचनात."

पश्मी कुत्री मला माहीत होती. घास काढणारी माणसंही माझ्या नात्यात होती. माझे स्वतःचे वडील भाकरीचा तुकडा मोडून कडेला ठेवायचे, गल्लीतल्या कुत्र्यासाठी. दुसऱ्या कोणी ती ताटली पाहिली असती तर त्याला काही कळलं नसतं आणि त्यानं ती सोडून दिली असती. मला अर्धंच कळलं, आणि तेवढ्यावर मी निकाल दिला.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. काही वर्षांपूर्वी माझी आई तीन महिने आमच्याकडे होती. भाडेकरारात आम्ही दोघंच राहणार असं लिहिलेलं, आणि घरमालकाचा एजंट फ्लॅट बघायला येणार होता. दोन तासांसाठी मी आईला खाली पाठवलं. "आई, तू जरा तळ्यापाशी बस, मी बोलावते." तिची चप्पल, तिची जपमाळ, तिच्या गोळ्या, सगळं कपाटात कोंबलं. एजंट गेल्यावर खाली गेले तर ती पोहण्याच्या तलावाच्या कडेला उन्हात बसलेली होती, कारण सावलीतल्या खुर्च्या इथल्या लोकांच्या असतील असं तिला वाटलं. म्हणाली, "गेला का गं तो? काही म्हणाला का?" तिला पाहुण्यासारखं वागवायचं सोडून मी तिला लपवलं होतं. त्या बंद दारासमोर उभी राहून मला कुत्रा सुचला, पैदास सुचली, धंदा सुचला. आई सुचली नाही.

त्या दिवशी मी केनेलमध्ये गेले आणि तिच्याशेजारी बसून आंटीला फोन केला. सगळं सांगितलं, गुरगुरीसकट. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "दे स्टिल लाइड, यू नो." मी म्हणाले, हो, खोटं बोलले, पण तो प्रश्न मी तसा विचारला होता. मग तिनं नर्सचे प्रश्न विचारले. म्हातारे उठून चालतात का? कुत्री उड्या मारते का? खोलीत पलंगाला कठडा आहे का? शेवटी म्हणाली, दोन आठवडे ठेवून बघू, आणि पहिल्या दिवशी तू तिथं बसायचं.

पुढच्या शनिवारी बाराला, बरोब्बर बाराला, मी तिला घेऊन गेले. या वेळी घरातली सगळी दारं उघडी होती. कपाटाचीसुद्धा. बाईंनी मला हाताला धरून एकेक दाखवायला सुरुवात केली. "बघा ताई. ही अण्णांची खोली. हे बाथरूम. हा माळा, वर सुटकेसी आहेत, काढू का?" त्यांच्या आवाजात राग होता आणि तो असायला हवा होता. मी म्हणाले, "पुरे हो." त्या थांबल्या नाहीत. सगळं दाखवून झाल्यावरच थांबल्या.

कुत्री दारातून आत आली, लांब नाक खाली घालून घरभर फिरली आणि अण्णांच्या दाराशी, जिथे गार हवा येते तिथे, पाय पसरून आडवी झाली. खोलीत गेली नाही. अण्णांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. दोघांपैकी कोणीही काही खास केलं नाही. मी सोफ्यावर बसून होते आणि स्वभावाप्रमाणे मनात म्हणत होते, ही खाणार नाही, इथेही नाही खाणार, आणि मग काय करायचं?

जेवणवेळ झाली. सुनेनं अण्णांना उशीला टेकवून बसवलं, दुधात कुस्करलेली भाकरी पुढ्यात ठेवली. त्यांनी डावा हात हळूहळू ताटात नेला, थरथरत एक घास केला आणि शेजारच्या ताटलीत ठेवला. सवयीनं सुनेनं ताटली उचलली आणि ती बाहेरच्या दिशेनं वळली. अण्णांनी आवाज काढला, मोठ्यानं. ती थांबली. मग वाकून तिनं ताटली पलंगाखाली जमिनीवर ठेवली.

बराच वेळ काही झालं नाही. मुलीनं माझा दंड धरला होता. अण्णांनी समोरच्या जेवणाला हात लावला नाही. ते टेकून वाट बघत बसले. त्यांना दुसरं काही काम नव्हतं, उठून कुठे जायचं नव्हतं. शेवटी दारातलं ते लांब अंग उठलं, आत गेलं, पलंगाला वळसा घातला. ताटली चाटल्याचा, जमिनीवर सरकल्याचा आवाज आला. ताटली सरकत सरकत भिंतीपर्यंत गेली. तेव्हा कुठे अण्णांनी चमच्यासाठी तोंड उघडलं. बाईंनी भरवताना अर्धं दूध त्यांच्या सदऱ्यावर सांडलं, आणि त्या रडत होत्या, आणि मीही.

निघताना पोहे खाल्ले, गार झालेले, दोन वेळा मागून. बाईंनी वाढले, पण बसून बोलल्या नाहीत. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही.

दोन आठवड्यांनी पक्क्या दत्तकपत्रासाठी फॉर्म नव्यानं भरायचा होता. सतराव्या प्रश्नातली 'खुलासा करावा' ही ओळ मी खोडायला बसले होते, पण त्याआधीच त्यांचा फॉर्म जुन्याच कागदावर भरून आला. या वेळी मुलीनं भरला होता. घरात वृद्ध किंवा आजारी व्यक्ती आहे का? तिनं लिहिलं होतं, हो. असल्यास खुलासा करावा. तिथे तिनं लिहिलं होतं, माझे आजोबा, ते दिवसभर तिच्याजवळ बसतात.